लेकरांसोबत पांदणीनं



सुटीत फिरायला जायचं ठरलं, की वाशिमकरांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते चिखलदऱ्याचं, नाहीतर लोणारचं. दोन्ही ठिकाणं पाहावीत अशीच आहेत. पण घरात चार-पाच वर्षांचं लेकरू असेल, तर घाटाच्या वळणांवर त्याला मळमळतं. लोणारच्या विवरात ते हौसेनं उतरतं, आणि वर येताना बापाच्या खांद्यावर असतं. वाशिम जिल्ह्यात डोळे फिरवणारा कडा नाही. बुटक्या टेकड्या, माळरानं, तलाव आणि काळ्या मातीची वावरं असा हा पठारी मुलूख आहे, आणि लहान पायांना यापेक्षा चांगली जमीन मिळणं कठीण.

सुरुवात करावी ती गावाबाहेरच्या पांदणीपासून. दोन्ही अंगांनी बाभूळ, हिवर, बोर, पळस. पलीकडे धुरे आणि वावरं. मोठ्या माणसाच्या पायाखाली वीस मिनिटांत सरणारी पांदण लेकराला तास-दीड तास पुरते, कारण ते दर दहा पावलांवर थांबतं. त्याला थांबू द्यावं. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले दिसतात. ते विणतो नर. मादीला पसंत न पडलेला अर्धवट खोपाही त्याच फांदीला लोंबत राहतो, आणि तो का अर्धा राहिला हे ऐकताना पोरं अगदी गप्प होतात. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. शेतमालकाला विचारून एखादं पान बोटानं चाचपावं आणि बोट जिभेला लावावं. तोंड वाकडं करून लेकरू पुन्हा तेच मागतं. पौषात बोरं पिकतात. फाल्गुनात पळस फुलतो.

पांदणीला सरावलेल्या पायांनी मग कारंज्याकडे जावं. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य 2000 साली घोषित झालं. त्याचं क्षेत्र सुमारे 18 चौरस किलोमीटर, म्हणजे मेळघाटासमोर फारच लहान. पण लहान मुलांना जंगल दाखवायचं, तर गच्च झाडीपेक्षा असं गवताळ रान बरं. झाडीत वाट पाहून पाहून पोर कंटाळतं. इथे नजर लांबवर जाते. काळवीट ओळखायला पुस्तक लागत नाही. पाठ काळपट, पोट पांढरं, शिंगं पिळाची, तो नर. बिनशिंगांची, फिक्या तपकिरी रंगाची, ती मादी. कळप बिचकला की एकामागून एक उंच उड्या मारत निघतो. जायचं ते भल्या सकाळी, वनविभागाकडे आधी चौकशी करून, आणि आखून दिलेल्या वाटेनंच.

हीच हरणं आजूबाजूच्या वावरांत शिरून सोयाबीन आणि हरभरा फस्त करतात. शेतकऱ्याला रात्र-रात्र राखणीला बसावं लागतं. मुलांना हेही सांगावं. काळवीट सुंदर आहे आणि त्याचं मोल शेजारचा शेतकरी मोजतो, या दोन्ही गोष्टी सात वर्षांच्या मुलाला नीट समजतात.

थोडी मोठी मुलं असतील तर त्यांच्यासाठी या पठारावर एक नवल आहे. काटेपूर्णा नदी इथून उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. अडाण मात्र पैनगंगेकडे वळते. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत तिचं पाणी थेट बंगालच्या उपसागरात पोचतं. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो. वाटेतल्या नाल्यात मुलांना एक पान सोडू द्यावं आणि घरी आल्यावर नकाशावर बोट फिरवत त्याचा प्रवास शोधायला लावावा. भूगोलाचा इतका चांगला तास शाळेत क्वचितच होतो.

वाशिम शहरातल्या मंडळींना एकबुर्जीचा जलाशय जवळ आहे. शहराला पिण्याचं पाणी तिथूनच येतं. हिवाळ्यात अशा तलावांवर काळे, पांढऱ्या चोचीचे वारकरी पक्षी थव्यानं पोहताना दिसतात, आणि काठाच्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे फिरतात. मुलांचा हात मात्र पाण्याच्या कडेला सुटता कामा नये.

आणि पावसानं पांदण चिखलात बुडाली, तर गावातच फिरावं. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकातला इथला राजा हरिषेण. त्याच्या काळात अजिंठ्याची अनेक लेणी कोरली गेली, आणि तिथल्या 16 व्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. वाशिममधलं बालाजीचं मंदिर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधलं. एका घोडेस्वारानं काठीनं माती उकरली आणि पुरलेल्या मूर्तीचं बोट दिसलं, अशी आख्यायिका सांगतात. देवतलावाच्या दगडी पायऱ्यांवर बसून ही गोष्ट सांगितली, की पोरं घरी येईपर्यंत काठीनं जमीन उकरत येतात.

काळजी घ्यायची ती थोडी, पण नेमकी. होळीनंतर सकाळी नऊच्या आत घरी परतावं; विदर्भाचं ऊन लेकरांना सोसत नाही. उंच गवतात पाय घालू नये, तिथे घोणस असू शकते. पायांत बंद बूट हवेत. कुसळं आणि बाभळीचे काटे चपलेला जुमानत नाहीत. पावसाळ्यात ढग गडगडले की झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीत जावं. विजेची सूचना देणारं दामिनी ॲप मोबाइलमध्ये असू द्यावं. पाणी, गूळ-शेंगदाणे आणि एक जादा सदरा एवढी शिदोरी पुरे.

शेवटी ग्रामपंचायतींना एक विनंती. सरकारी योजनांतून पाणंद रस्ते पक्के होत आहेत. शेतमाल घरी आणणाऱ्याला त्यांची किती गरज आहे, हे चिखलात फसलेली बैलगाडी ज्यानं ओढली त्यालाच ठाऊक. रस्ते व्हावेतच. फक्त खडी टाकताना कडेच्या बाभळी, बोरी आणि पळस सरसकट तोडू नका. जी तोडावीच लागतील, त्यांच्या जागी त्याच पावसाळ्यात नवी लावा.