फाईल बघायची की शिवण?

(शिवणवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आपल्या वर्गातल्या बायकांना प्रमाणपत्र कशाला हवं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. कारखान्यात हेल्परऐवजी कारागीर म्हणून लागायचं, मशीनसाठी कर्ज मागायचं, तर कागद विचारतात. म्हणून वर्गातलं मूल्यमापन हा सोपस्कार नव्हे. बाईच्या मजुरीचा निकाल तिथे लागतो.

२०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. माणसाला काय येतं ते पाहा, ते कुठे शिकलं हे गौण, असं त्यात मान्य केलं आहे. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत घरी किंवा कामावर शिकलेल्या कौशल्यालाही परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली. आई-सासूच्या हाताखाली शिकलेल्या बाईसाठी ही मोठी गोष्ट आहे. कागदावर तरी.

प्रत्यक्षात काय दिसतं? फाईल सुबक, अक्षर मोत्यासारखं, नमुने नीट चिकटवलेले, की मार्क भरभरून. आणि जिची दहा वर्षं पायमशीनवर गेली तिची फाईल अर्धी रिकामी. रिकामी असणारच, तिने शिवलेलं गिऱ्हाईक घेऊन गेलं! तिला मापाची वही आणायला सांगा, नेहमीच्या दोन गिऱ्हाइकांना बोलवा. तोही पुरावाच आहे.

"पण हे तिनेच शिवलं कशावरून?" शंका रास्त आहे, मात्र ती सुबक फाईलवालीलाही लागू आहे. ब्लाउज समोर ठेवा आणि विचारा : मुंढा एवढाच का कापला? अस्तर आधी भिजवलं होतं का? बगलेत झोळ आला तर कुठे उसवशील? शिवणारी पटापट सांगते, आपल्या बोलीत सांगते. उत्तर लिहूनच हवं असा हट्ट कशाला? माप मात्र तिला नोंदता आलंच पाहिजे. त्यावाचून हे काम होत नाही.

"बिचारी एकटी आहे, करा पास," याला माझा सक्त विरोध आहे. कापड बिघडलं की गिऱ्हाईक तिच्याकडूनच भरून घेतं. नापास करा, पण कारण लिहून द्या : बाही उलटी लागली, बाकी ठीक. मग तेवढंच शिकून ती पुन्हा बसेल.

आणि परीक्षेला मोटारची मशीन ठेवणार असाल तर आदल्या दिवशी हात बसू द्या. पाय मारायची सवय असलेल्या बाईची पहिली टीप धावतेच.