गटाच्या सहलीसाठी कॅमेरा घेताना

ज्वारीची पेरणी उरकली, दिवाळी झाली, की गटागटांत सहलीचं बोलणं निघतं. यंदा एका गटाकडून प्रश्न आलाय. वीस जणींनी पाचपाचशे काढले, दहा हजार जमले. भिगवणला पक्षी बघायला जायचंय, पुढे कोकणात उतरायचंय. लांबचं जवळ आणणारा कॅमेरा घ्यावा का, आणि कुठला?

आधी एक विचारते. फोटो कशाचे काढायचे आहेत? नुसते एकमेकींचे, देवळापुढचे, जेवणाच्या पंगतीचे असतील तर पैसे परत वाटून घ्या. त्याला मोबाईल पुरतो. पण उजनीच्या पाण्यात लांब उभे असलेले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मोबाईलमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखे येतात. तिथं सुपरझूम कॅमेरा कामाचा. दुसरंही एक कारण आहे, ते तुम्ही बोलला नाहीत तरी मला ठाऊक आहे. घरातला मोबाईल बऱ्याचदा आपला एकटीचा नसतो. जागा भरली की पोरं गेमसाठी आपलेच फोटो आधी पुसतात. गटाचा कॅमेरा, गटाचं कार्ड, त्याला कुणी हात लावत नाही.

आता दुकानात जाल तेव्हा झूम दोन प्रकारचा असतो हे ध्यानात ठेवा. ऑप्टिकल झूममध्ये लेन्स खरोखर पुढेमागे सरकते आणि लांबचं जवळ आणते. डिजिटल झूम म्हणजे ताकात पाणी घालून ते वाढवणं. फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतात, तपशील काही वाढत नाही. खोक्यावर मोठा आकडा असेल तर थेट विचारा, ‘यात ऑप्टिकल किती?’ दुकानदार मेगापिक्सेलवर बोलायला लागला तर पुन्हा तेच विचारा. या कॅमेऱ्यांतला चित्र टिपणारा सेन्सर नखाएवढाच असतो, त्यामुळे मेगापिक्सेल वाढले म्हणून फोटो सुधारतोच असं नाही.

चाळीस एक्स म्हणजे काय? लेन्सवर दोन आकडे असतात. समजा हिशेब २४ ते ९६० मिलिमीटरचा आहे, तर ९६० भागिले २४, म्हणजे ४० पट. यातला लहान आकडासुद्धा बघा बरं का. तो २४-२५च्या आसपास असला, तर बोटीत दाटीनं बसलेल्या सगळ्या जणी एका फोटोत मावतात. काही कॅमेऱ्यांच्या लेन्सवर वेगळेच छोटे आकडे छापलेले असतात. तेव्हा ३५ मिलिमीटरच्या हिशेबातले आकडे विचारा.

जास्त झूमचा मोह आवरा. निकॉनचा पी १०००, २०१८ साली आलेला, १२५ पट झूमचा आहे आणि जवळजवळ १.४ किलोचा. पी ९०० हा ८३ पटीचा, तो ९०० ग्रॅमचा. काखेत पिशवी, कडेवर लेकरू आणि गळ्यात हे? माझं मत विचाराल तर ३० ते ४० पट भरपूर झाला. कॅननचा एसएक्स ७४० हा ४० पटीचा असून ३०० ग्रॅमच्या आसपास आहे. निकॉनच्या बी ५००लाही ४० पट, आणि त्यात साधे चार पेन्सिल सेल चालतात, म्हणजे चार्जर विसरला तरी अडत नाही. मात्र या दोन्हींना डोळा लावून बघायची खिडकी नाही. भर उन्हात पाठीमागचा पडदा नीट दिसत नाही, तेव्हा पदराची सावली करावी लागते.

झूम वाढला की हाताचा थरकापही तेवढाच मोठा दिसतो. म्हणून थरकाप सावरणारी सोय, जिला कंपन्या व्हीआर, आयएस अशी नावं देतात, ती हवीच. कोपरं अंगाला टेकवा, खांबाला पाठ लावा. आणि झूम लांबवला की लेन्समधून उजेड कमी येतो. पी ९००च्या लेन्समध्ये पूर्ण झूमला उजेड पाचेकपट कमी मिळतो. म्हणून गाभाऱ्यात किंवा तिन्हीसांजेला झूम करू नका, चार पावलं पुढे जा.

दहा हजारांत चांगला नवा कॅमेरा मिळणं अवघड आहे. असली नवी मॉडेलं आता कंपन्याही कमी काढतात. वापरलेला घ्यावा लागेल, तेव्हा पैसे देण्याआधी तिथंच तपासा. झूम शेवटपर्यंत आत-बाहेर करा. अडखळला, करकरला तर सोडून द्या. पांढऱ्या भिंतीचा फोटो पूर्ण झूमवर काढा, डाग दिसले तर आत धूळ किंवा बुरशी आहे. ती घरी पुसता येत नाही. बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर त्याच कॅमेऱ्याचा आहे ना, हे बघा. आपलं कार्ड घालून चार फोटो काढा आणि पडद्यावर मोठे करून बघा. पावती गटाच्या नावानं घ्या आणि कॅमेरा कुणाकडे राहील ते वहीत लिहा, नाहीतर पुढच्या लग्नसराईत भांडण ठरलेलं.

सहलीआधी आठवडाभर तो सगळ्या जणींच्या हातात फिरू द्या. एकीलाच जमलं तर ती एकटीच सगळ्या फोटोंतून गायब राहील. बांधावरच्या बगळ्यावर सराव करा. सूर्यावर मात्र झूम लावू नका, सेन्सर जळू शकतो. कोकणात वाळूवर वारा असला तर लेन्स आत घेऊन कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. घरी आल्यावर फोटो दोन ठिकाणी उतरवून घेतल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका.