तांदळाची लढाई: मलाया ते मिझोराम



पत्रिकेवर विषय छापलाय ‘बंडखोरीविरोधी युद्धनीती’. माओ, गनिमी कावा हे या सभागृहाला तोंडपाठ आहे. त्यात वेळ नको. आज बोलायचं ते तांदळाबद्दल. (हशा) हसा, पण 1950 साली ब्रिटिश जनरल ब्रिग्ज यांनी तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या मलायात आखलेली योजना आधी ऐका.

जंगलाच्या कडेला झोपड्या बांधून राहणारी सुमारे पाच लाख माणसं, बहुतेक चिनी, उचलून तारेच्या कुंपणातल्या ‘नव्या गावां’त आणली गेली. जंगलातल्या कम्युनिस्ट गनिमांना शिधा पोचायचा तो यांच्याकडूनच. पहाटे रबराच्या मळ्यावर निघालेल्या प्रत्येकाची फाटकावर झडती व्हायची. तरीही तांदूळ जायचाच! सायकलच्या पोकळ नळ्यांतून, डुकरांच्या खाण्याच्या बादलीला दुहेरी तळ ठोकून. मग हुकूम निघाला की दुकानदाराने डबाबंद खाणं विकताना डब्याला तिथल्या तिथे भोक पाडायचं. पुढे काही भागांत कच्चा तांदूळ विकणंच बंद झालं. सरकारी भटारखान्यात शिजलेला भात घ्यायचा. त्या दमट हवेत तो दुसऱ्या दिवशी आंबणार, जंगलात पोचून उपयोग काय?

तंजोंग मलिम गावाजवळ 1952 साली सरकारी तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा मलायातले ब्रिटिश उच्चायुक्त जनरल टेम्पलर यांनी अख्ख्या गावावर रोज 22 तासांची संचारबंदी लादली आणि शिधा कापला.

क्रूर म्हणताय? होतंच. कुंपणाची वकिली इथे कुणी करत नाही. पण मलायातला माणूस मळ्यावर मजुरी करून जगत होता, आणि कोरियन युद्धामुळे रबराचे भाव चढलेले होते. कुंपणात कोंडला तरी त्याची चूल पेटत होती. शिवाय 1957 साली देश स्वतंत्र झाला आणि बंडाच्या पायाखालची जमीनच सरकली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. व्हिएतनाम सोडून देऊ. तिथली कुंपणातली खेडी 1962 नंतर बघता बघता मोडली. मिझोराम मात्र सोडता येणार नाही.

तिथे बांबू फुलला, त्याच्या बियांवर उंदीर माजले, त्यांनी पिकं फस्त केली आणि 1959 साली दुष्काळ पडला. लोकांना धान्य पोचवायला निघालेल्या लालडेंगांच्या दुष्काळ-निवारण संघटनेतूनच 1961 साली मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. म्हणजे बंडाची सुरुवातच रिकाम्या कणगीतून! 1966 च्या फेब्रुवारीअखेर उठाव झाला, 5 मार्चला आपल्याच विमानांनी ऐजॉलवर मारा केला. जानेवारी 1967 पासून मलायाचा कित्ता गिरवत गावं एकत्र आणायला सुरुवात झाली.

पण मिझो माणूस मजूर नव्हता, तो डोंगरउतारावर झूम शेती करायचा, म्हणजे जंगल तोडून-जाळून, जागा बदलत केलेली शेती. शेत पार पलीकडच्या डोंगरावर, आणि संचारबंदीच्या आत परतायचं. शेतं ओस पडली. मागे सोडलेली घरं, भाताची कोठारं जाळली गेली. गनिमांची रसद तोडताना शेतकऱ्याची चूलच विझवली, आणि हे युद्धनीतीच्या नावाखाली झालं.

भारत सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंट यांच्यात करार झाला 30 जून 1986 ला. लालडेंगा मुख्यमंत्री झाले.

प्रश्न आलाय की आपलं लष्कर बंडखोरांशी लढायला कुठे शिकतं. मिझोराममध्येच, वैरेंगतेच्या लष्करी प्रशिक्षण शाळेत, 1970 पासून. तिथल्या अभ्यासक्रमात जंगलयुद्धाइतकाच वेळ त्या जळालेल्या कोठारांना मिळायलाच हवा. बाकीचे प्रश्न बाहेर चहाच्या वेळी घेऊ.