काटकसरीतली श्रीमंती



कोकणात आपल्या पूर्वजांना 'शनिवार तेली' म्हणत. पोट घाण्यावर, तरी शब्बाथला घाणा बंद. आठवड्यातल्या एका दिवसाची कमाई जो आपखुशीने सोडतो, त्याला गरीब कसे म्हणावे?

इथे इस्राएलात १९४९ साली 'त्सेना'चे रेशनिंग सुरू झाले, ते १९५९ पर्यंत चालले. त्या दिवसांत आलेल्या आपल्या वडीलमंडळींनी तेल, साखर, अंडी मोजूनमापून वापरली. पण पाहुण्याचा कप आधी भरला, असेच आम्ही त्यांच्या तोंडून ऐकत आलो.

आम्हा परिचारिकांना वॉर्डात दुसरी बाजूही दिसली. बँकेत शिल्लक भरपूर, आणि आजोबा रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेतात! आजी थंडीत हीटर न लावता खोकत बसतात! उद्याच्या धास्तीने आजचा जीव धोक्यात घालणे, याला काटकसर कोण म्हणेल? गोळी अर्धी केली की रक्तदाब चढतो, अर्धांगवायूही होऊ शकतो. मग वाचवलेले पैसे त्या दुखण्यातच जातात.

म्हणून आम्ही सांगतो, जुना कोट खुशाल वापरा, कर्ज काढून लग्नाचा थाट करू नका. मात्र औषध, दूध, फळे यांत हात आखडू नका.

आपल्या मलिद्याचेच पाहा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, थोडी फळे. साधेच ताट, पण सर्वांना पुरते. आपल्या गरजा भागवून ज्याच्याजवळ वाटायला काही उरते, तो श्रीमंत.