मी तर एकच कमेंट केली होती

रत्नागिरीतून बोलतोय. बाहेर पाऊस धो धो चालू आहे आणि आमच्या पडवीवर पत्रा आहे, त्यामुळे ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना मागे सतत ताशा वाजल्यासारखं वाटलं असेल. वाचणारे सुटले.

आजचा विषय माझ्या धाकट्या बहिणीमुळे सुचला. ती कॉलेजात आहे आणि तिला चिनी मालिकांचं भयंकर वेड आहे. लाईट गेली तरी हिच्या मोबाईलवर डाउनलोड केलेले एपिसोड चालूच. 'द अनटेम्ड' नावाची २०१९ ची मालिका आहे, त्यातला शाओ झान हा नट तिचा सगळ्यात लाडका. एकदा जेवताना ती म्हणाली, "दादा, तुला माहितीये का, याच्या फॅन्सनीच याची वाट लावली होती."

मी म्हटलं, सांग बघू.

तर झालं असं. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाची एक वेबसाइट आहे. तिथे चाहते आपल्या आवडत्या पात्रांवर, कलाकारांवर स्वतः गोष्टी लिहितात. शाओ झानवर कुणीतरी अशीच एक गोष्ट लिहिली. त्यात त्याला ज्या रूपात रंगवलं होतं, ते त्याच्या काही चाहत्यांना झोंबलं. २७ फेब्रुवारी २०२० ला त्यांनी ठरवून सरकारी यंत्रणेकडे तक्रारींचा पाऊस पाडला. दोनच दिवसांत ती अख्खी वेबसाइट चीनमध्ये बंद झाली. आता तिथे हजारो लोक आपापलं लिहीत-वाचत होते, ते खवळले. त्यांनी शाओ झान ज्या ज्या वस्तूंची जाहिरात करतो त्यांच्यावर बहिष्कार घातला. चिनी लोक या प्रकरणाला नुसतं '२२७' म्हणतात, तारखेवरून.

गंमत बघा. त्या नटाने काहीच लिहिलं नव्हतं. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी भांडण काढलं आणि बिल त्याच्या नावावर फाटलं.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, आणखी एक प्रकार झाला. तिथे एका टॅलेंट शोमध्ये मत द्यायचं तर प्रायोजक कंपनीच्या दुधाच्या बाटलीच्या झाकणाआतला कोड स्कॅन करावा लागायचा. मग काय, चाहत्यांनी पेट्याच्या पेट्या दूध घेतलं, झाकणं काढून घेतली आणि दूध गटारात ओतलं. त्याचे व्हिडिओ पसरले आणि तो शो शेवटच्या टप्प्यावर थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सरकारने नियम काढला की कलाकारांच्या लोकप्रियतेच्या याद्याच लावायच्या नाहीत.

हे ऐकून मी हसलो. म्हटलं, "काय येडी माणसं आहेत गं ही!"

बहीण शांतपणे म्हणाली, "आणि तू? तू चिन्मय मांडलेकरला कमेंट केली होतीस ना?"

घास तोंडातच राहिला, मंडळी. कारण केली होती.

आता हे सांगायला मला आवडत नाहीये, पण आज सांगणार आहे.

दिग्पाल लांजेकरांचे शिवकालावरचे सिनेमे तुम्ही पाहिलेच असतील. 'फर्जंद' २०१८ ला आला, मग 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार'. यात महाराजांच्या भूमिकेत चिन्मय मांडलेकर. आम्ही वाडीतली पोरं गाड्या काढून हे सिनेमे बघायला जायचो. 'पावनखिंड' मी दोनदा बघितला. चिन्मय पडद्यावर आला की थिएटरमध्ये घोषणा सुरू व्हायच्या, त्यात माझाही आवाज असायचा. तेव्हा मी फॅन होतो, याबद्दल वाद नाही.

एप्रिल २०२४. वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकलं. विषय असा की चिन्मयच्या मुलाचं नाव जहांगीर आहे. खाली लिहिलेलं, 'महाराजांची भूमिका करतो आणि मुलाचं नाव बघा'. मी कोडिंग करत बसलो होतो, बिल्ड चालू होती, पाच मिनिटं मोकळी होती. गेलो आणि कमेंट केली. शिवी दिली नाही. अगदी सभ्य भाषेत लिहिलं, "सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे नाव ठेवताना विचार करायला हवा होता." हात जोडल्याचा इमोजीसुद्धा टाकला. बिल्ड पूर्ण झाली, मी कामाला लागलो. विसरलोही.

दोन-चार दिवसांत त्यांच्या पत्नी नेहा यांचा व्हिडिओ आला आणि मग स्वतः चिन्मयचा. कुटुंबाबद्दल, बायकोच्या चारित्र्याबद्दल, मुलाबद्दल लोक काय काय लिहितायत ते त्याने सांगितलं. माझ्या कामाबद्दल बोला, माझ्या घरच्यांवर बोलायचा हक्क कुणाला नाही, असं त्याचं म्हणणं. आणि शेवटी त्याने जाहीर केलं की यापुढे तो छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका करणार नाही.

मी तो व्हिडिओ एसटीत बसून बघितला. पहिला विचार काय आला सांगू? "मी कुठे काय वाईट लिहिलं होतं? मी तर एकच कमेंट केली होती, आणि तीही सभ्य."

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो.

सर्व्हर पाडायचा एक प्रकार असतो, त्याला आम्ही 'डिडॉस' म्हणतो. यात कुणी कुलूप तोडत नाही, पासवर्ड चोरत नाही. फक्त लाखो ठिकाणांहून एकाच वेळी साधी विनंती पाठवतात, 'हे पान दाखव'. प्रत्येक विनंती सुटी बघितली तर नेहमीसारखीच दिसते. तुम्ही आम्ही रोज करतो तीच. पण सगळ्या एकदम आल्या की सर्व्हर गुदमरतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत असा हल्ला झाला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या मोठमोठ्या साइट अडखळल्या. हल्ला कुठून आला? लोकांच्या घरातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांतून आणि इंटरनेटच्या राउटरमधून. घरमालकांना पत्ताच नव्हता की आपल्या भिंतीवरचा कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे.

त्या आठवड्यात माझा फोन हा असाच एक कॅमेरा होता.

फरक एवढाच की कॅमेऱ्याला कळत नव्हतं. मला कळायला हवं होतं. मी रोज हेच काम करतो.

तुम्ही म्हणाल, सभ्य कमेंट आणि घाणेरडी कमेंट सारखी कशी? माणूस म्हणून नाहीच सारखी. पण ॲपच्या हिशोबात मोजणी आधी होते, अर्थ नंतर. एखाद्या पोस्टवर कमेंटी वाढल्या की सिस्टीमला वाटतं, लोकांना हे बघायचंय, मग ती पोस्ट आणखी लोकांपुढे ढकलली जाते. फेसबुकचं उदाहरण घ्या. २०१७ पासून तिथे इमोजी प्रतिक्रियेला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं, आणि त्यात रागाचा लाल चेहराही आला. ते रागाचं वजन शून्यावर आणायला २०२० उजाडलं. म्हणजे माझ्या त्या हात जोडलेल्या कमेंटने काय केलं? माझ्या मागून येणाऱ्या शिव्या देणाऱ्याला रस्ता दाखवला.

आता नावाबद्दल. नंतर मी जरा वाचलं. जे. आर. डी. टाटांमधला 'जे' म्हणजे जहांगीर. भारतरत्न जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. मुंबईतली जहांगीर आर्ट गॅलरी आपल्याला चालते. आणि ज्या 'फर्जंद' सिनेमाला आम्ही शिट्ट्या मारल्या, तो 'फर्जंद' शब्दच फारसी आहे, अर्थ मुलगा. अजून पुढे जा. महाराजांचे वडील शहाजीराजे आणि काका शरीफजी यांची नावं मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली, असं परंपरा सांगते.

हे सगळं मी बहिणीला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे हे पुरावे नसते तर तुझी कमेंट बरोबर होती?"

गप्प बसलो. कारण मुद्दा तोच होता. एका बाईने आणि एका पुरुषाने आपल्या पोराचं नाव काय ठेवावं, हे 'फर्जंद' यायच्याही कितीतरी आधी ठरलेलं. मी तिकीट काढलं होतं सिनेमाचं. त्यात बारशाचं आमंत्रण नव्हतं.

आपल्याकडे हे भान नव्हतं असं नाही हो. आमच्या वाडीत शिमग्यानंतर नमन होतं. एक काका वर्षानुवर्षं कृष्ण करायचे. मुकुट घालून, तोंडाला रंग लावून ते उभे राहिले की माझी आजी पुढे होऊन त्यांच्या पाया पडायची. वयाने तिच्या मुलासारखे, तरी पडायची. आणि सकाळी तेच काका चहाला आले की हीच आजी त्यांना ओरडायची, "मेल्या, पंप कधी बघतोस? आठ दिवस झाले!" आमच्याच नमनात रावण करणारा माणूस वाडीतला सगळ्यात गरीब स्वभावाचा. त्याच्या घरावर कुणी दगड मारल्याचं मला आठवत नाही.

आजीला शाळा माहीत नव्हती, पण रंग उतरला की समोर माणूस आहे हे तिला पक्कं माहीत होतं. आमच्या फोनवर मात्र रंग उतरतच नाही. सिनेमा, मुलाखत, बायकोसोबतचा फोटो, मुलाचा वाढदिवस, सगळं एकाच पडद्यावर, एकाच बोटाखाली. मग आपण कृष्णाकडून अपेक्षा करतो ती पंपवाल्याकडून करायला लागतो.

आणि हे फोनपुरतं राहतं अशा भ्रमात राहू नका. त्याच वर्षी, २७ मार्चला, आयपीएलमध्ये हैदराबादने मुंबईविरुद्ध २७७ धावा केल्या. कोल्हापूरजवळ हणमंतवाडीत लोक मॅच बघत होते. रोहित शर्मा आउट झाला. चेन्नईचे चाहते असलेले ६३ वर्षांचे एक गृहस्थ खूश होऊन काहीतरी बोलले. मुंबईचे चाहते असलेल्या दोघांनी त्यांना मारहाण केल्याची तक्रार झाली, त्यांना अटक झाली. डोक्याला मार लागलेले ते गृहस्थ काही दिवसांनी गेले. मीही मुंबईचाच फॅन. ती बातमी वाचून मला कळेना की आपण नक्की कुणाच्या बाजूचे आहोत. ज्याच्यासाठी भांडण झालं तो रोहित तिथून शेकडो किलोमीटर लांब होता.

तर हिशोब काय लागला? चीनमधल्या चाहत्यांनी आपल्याच नटाची कामं धोक्यात आणली. आम्ही महाराजांच्या प्रेमापोटी, महाराज उत्तम उभा करणाऱ्या नटाला ती भूमिका सोडायला लावली. सर्व्हरवर फार ताण आला की आम्ही काय करतो? सर्व्हिस बंद करतो. त्यानेही तेच केलं. यात नुकसान शिव्या देणाऱ्यांचं झालं नाही, ते दुसऱ्या रीलवर गेले. नुकसान 'पावनखिंड' दोनदा बघणाऱ्यांचं झालं.

कलाकारावर टीका करूच नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. सिनेमा फसला तर म्हणा फसला. इतिहास चुकीचा दाखवला तर पुराव्यानिशी लिहा, जरूर लिहा. मी स्वतःपुरती एक पट्टी ठरवली आहे: हे वाक्य त्या माणसाच्या दारात उभं राहून, त्याचं मूल आत अभ्यास करत असताना, मी बोललो असतो का? माझी ती सभ्य कमेंट मी नसतो बोललो. लाज वाटली असती.

शेवटी एक काम सांगतो आणि थांबतो. इन्स्टाग्राममध्ये 'युअर ॲक्टिव्हिटी' असा भाग असतो. तिथे तुम्ही आजवर केलेल्या कमेंटी एका यादीत दिसतात. त्या रात्री जेवण झाल्यावर मी ती यादी उघडली. बहीण शेजारी बसली होती. खाली जात जात एप्रिल २०२४ पर्यंत पोचलो. कमेंट होती तिथेच, हात जोडलेल्या इमोजीसकट. तिला सतरा लाइक होते आणि खाली चार उत्तरं. ती चारही मी पहिल्यांदाच वाचली. ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

मी कमेंट पुसली. माफी कुठे मागितली नव्हती, ती आज इथे मागतोय, जिथे ती त्या घरापर्यंत पोचण्याची शक्यता जवळपास शून्य आहे. एवढंच जमलं.

तुम्हीही आज रात्री ती यादी एकदा उघडून बघा. आणि काय सापडलं ते मला सांगू नका, घरात ज्याने विचारलं असतं त्याला सांगा.

चला, पाऊस वाढलाय, लाईट जायच्या आत हे अपलोड करतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!