‘खर्चासह मंजूर’ म्हणजे किती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी विषय विचारला तेव्हा मी ‘कोर्टाचा खर्च’ असे सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, आनंदाच्या दिवशी कोर्ट कशाला?” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण ज्यांच्या घरी कधी दावा चालला आहे त्यांना ठाऊक असेल की तारीख काही सणवार पाहून पडत नाही.

माझ्या मावशीचीच गोष्ट सांगते. काका गेल्यावर वाड्यातल्या तिच्या दोन खोल्या पुतण्यांनी बळकावल्या. मावशीने दावा लावला आणि नऊ वर्षांनी जिंकला. निकालाच्या शेवटी शब्द होते, ‘दावा खर्चासह मंजूर’. मावशीने आळीत पेढे वाटले. तिने एका वहीत पै-पैचा हिशेब ठेवला होता. वकिलांची फी, एस.टी.चे भाडे, टंकलेखन, नकला, अगदी कोर्टाबाहेरचा चहासुद्धा. बेरीज दोन लाखांच्या वर गेली होती. पुढे हुकूमनामा हाती आला. त्याच्या खाली खर्चाचा तक्ता असतो. त्यात मावशीच्या नावापुढे अकरा हजार आणि काही शे रुपये होते. ती मला म्हणाली, “अगं, एखादे शून्य लिहायचे राहिले का गं?”

शून्य राहिले नव्हते. मी वकिली करते, म्हणून ते समजावणे माझ्याच वाट्याला आले.

आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५ आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम. न्यायाधीशांना तसे करायचे नसेल तर कारण लेखी द्यावे लागते. इथवर सगळे मावशीच्या बाजूचे. पण त्याच कलमात म्हटले आहे की हा अधिकार ठरवून दिलेल्या अटी आणि मर्यादांना धरून वापरायचा. गोम तिथे आहे. तक्त्यात शिरते ते दाव्यावरची कोर्ट फी, वकीलपत्राचा स्टँप, समन्स बजावणीचा आकार, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, शिवाय नोटीस, टंकलेखन, नकला अशा बाबी. वकिलांची फी धरतात, पण तुम्ही दिलेली नव्हे. दाव्याच्या किमतीवर कोष्टकाने येईल तेवढीच. एस.टी. आणि चहा तर दारातच अडतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत तर या कामाला टॅक्सिंग मास्टर नावाचा स्वतंत्र अधिकारीच असतो. जिंकलेला पक्ष खर्चाचे बिल दाखल करतो, समोरच्याला नोटीस जाते, आणि मग एकेक बाब वाचून हरकत घेतली जाते. हे काम खरेच लागत होते का? याला पुरावा कुठे? वाणसामानाची यादी तपासणारी सासूबाई डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र पुरे होईल. शिवाय तुमचे तुमच्या वकिलाशी असलेले देणे वेगळे आणि हरलेल्याकडून मिळणारे वेगळे. पहिले नेहमीच मोठे असते, आणि मधले अंतर जिंकलेल्याने आपल्या पदरचे भरायचे.

मावशीला हा शुद्ध अन्याय वाटला. मलाही पुष्कळ दिवस वाटत होता. पण दिल्लीतला एक खटला वाचला आणि मी थबकले. भाडेपट्ट्याचा वाद होता, आणि अपीलही अंतरिम हुकमावरचेच. उच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंकडून वकिलांच्या फीचे आकडे मागवले आणि हरलेल्याने प्रत्यक्ष खर्चापोटी ४५,२८,००० रुपये द्यावेत असे ठरवले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा रद्द केला आणि नियमांप्रमाणे होईल तो खर्च, अधिक ३,००० रुपये, एवढेच ठेवले. आता कल्पना करा, ते ४५ लाख मावशीवर बसले असते तर? समोरच्याने पाच बडे वकील उभे केले तर त्यांचे बिल आपण भरायचे, या धास्तीने किती बायका दावा लावायला धजल्या असत्या? कात्री मावशीचे पैसे कापते तशी तिची मानही वाचवते.

मात्र कोष्टके इतकी जुनी ठेवायची हे मला पटत नाही. खोटा आणि त्रासदायक दावा लावणाऱ्याकडून भरपाई घ्यायला कलम ३५-अ आहे. त्याची मर्यादा १९७६ साली १,००० वरून ३,००० रुपये केली आणि सामान्य दाव्यांत ती तेवढ्यावरच थांबली. तीन हजारांना कोण भितो? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खर्च वाजवी पण प्रत्यक्षाला धरून असावा. २०१२ मध्ये विधी आयोगाने या एकाच विषयावर आपला २४० वा अहवाल दिला. २०१५ साली कायदा सुधारला तो व्यापारी वादांपुरता. तिथे वकिलाची वाजवी फी आणि पक्षकारांची वागणूक दोन्ही पाहतात. व्यापाऱ्यांना मिळाले, मावशीला नाही.

मावशीचा आकडा लहान दिसण्याचे आणखी एक कारण होते. महाराष्ट्र सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्ता, हिंसा आणि घटस्फोट यांबाबतच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. एरवी तक्त्यातली मोठी रक्कम तीच असते. मावशीने ती भरलीच नव्हती, मग परत कुठून येणार? हे सांगितल्यावर तिचा राग थोडा उतरला.

तिने गमावले ते दुसरीकडेच. पुतणे तारखांवर तारखा घेत राहिले. कलम ३५-ब प्रमाणे अशा वेळी समोरच्याकडून त्या दिवसाचा खर्च मागता येतो, आणि कोर्टाने तो लावला की भरल्याशिवाय त्याला आपले म्हणणे पुढे चालवता येत नाही. मावशीने एकदाही मागू दिला नाही. म्हणे, “घरच्याच पोरांकडून काय मागायचे!” साक्षीदारांना पैसे दिले तेही हातावर, कोर्टात भरून नव्हे. ते तक्त्यात आले नाहीत.

लग्नाच्या वादात तर निकालापर्यंत थांबण्याचीही गरज नसते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ आहे. ज्या बाजूला स्वतःचे पुरेसे उत्पन्न नाही तिला खटला चालू असतानाच पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टातही त्यासाठी समिती असते. मावशीला हे कोणी सांगितले नव्हते. मीही तेव्हा शाळेत होते.

ते अकरा हजारही आपोआप आले नाहीत. दरखास्त द्यावी लागली. मग एका सकाळी धाकटा पुतण्या पाकीट घेऊन ओटीवर आला आणि म्हणाला, “काकू, पावती द्या.” मावशीने नोटा दोनदा मोजल्या, पावती लिहून दिली, आणि तिची नक्कल त्याच वहीच्या शेवटच्या पानावर डकवून ठेवली.