अडचणीतला रिव्हेट

मलकापूरच्या स्टँडवर उभ्या एसटीचा पत्रा कधी निरखलाय? ओळीनं दिसणाऱ्या त्या गोल टिकल्या म्हणजे रिव्हेट. विमानाचा पत्राही असाच जोडतात. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव 2016च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात देशाला दिसले. अशा घरच्या बांधणीत कसोटी लागते ती अडचणीच्या जागी.

भरीव रिव्हेटला दोन्ही बाजूंनी हात लागतो. बाहेरून डोक्यावर हवेची गन ठोके देते, आतून शेपटीला जड ठोकळा टेकवतात. शेपटी चेपून रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद व्हावी, उंची जाडीच्या निम्मी राहावी. पण पंखाच्या निमुळत्या कडेला हातच शिरत नाही. तिथं टंगस्टनचा छोटा ठोकळा कामी येतो. तेवढ्याच पोलादापेक्षा तो जवळजवळ अडीचपट जड. तोही मावेना, तर एकाच बाजूनं ओढून बसवायचा पॉप रिव्हेट. मात्र आराखड्यात चालत असेल तरच, कारण भरीव आणि पॉप रिव्हेटची ताकद सारखी नसते.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? शेवटचा पत्रा मिटण्याआधी आत काय राहिलंय, ते पाहणं!